चूळ, जलपर्णी आणि सुधाचं कमळ

आमच्या म्हैसूरच्या घरामागच्या तळ्यात पाणी आहे, हे ऐकून पाहुण्यांना आश्चर्य वाटायचं. वर सगळी जलपर्णी! (पहिलं रोप मीच हौसेनं आणलं होतं. फुलं जांभळी असतात म्हणून!)

या हिरव्या गर्दीत, पाण्यात बुडवलेल्या कुंडीत माझ्या बायकोचं, सुधाचं, कमळ होतं. कंद तिनं माहेराहून, बेट्टदपुरहून आणलेला. तीन वर्षं नुसती पानं. यंदा पहिली कळी धरली. "गौरीपूजनाला हेच वाहणार," तिनं जाहीर केलं. "तळं साफ करा, पण कळीला धक्का लागला तर मी आहे नि तुम्ही आहात!"

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. घरच्या सुनेनं पाण्याकाठचे सात खडे वेचायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि खडे देवघरात पोचेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. त्यासाठी काठ मोकळा हवा, म्हणून सफाई चार दिवस आधी करायची होती. मी ती अर्थातच गौरी आणायच्या सकाळी सुरू केली!

चष्मा पाण्यात पडू नये म्हणून आईकडे दिला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरलो. चष्म्याविना सगळंच हिरवं. कुंडी कुठल्या कोपऱ्यात आहे, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तेवढ्यात सुधा आली, खडे वेचले, चूळ भरली आणि घराकडे वळली. नेमका तेव्हाच माझ्या हाताला एक भलाथोरला झुबका लागला.

"सुधा, हा मोठा गड्डा आहे गं. उपटू?"

"ऊं! ऊंऊं!"

"बरं, उपटतो!"

"ऊंऊंऊं!" तिनं पाय आपटले.

"जोर लावू म्हणतेस?"

पायरीवरून आई ओरडली, "अय्यो, माताडबेड सुधा! एक शब्द बोलू नकोस, गौरी हातात आहेत!"

मी पाय रोवले आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. त्याच क्षणी सुधाची चूळ फुर्रकन माझ्या तोंडावर आली. "अहो, बेड, बेड! नका उपटू, सोडा! कमळ आहे ते माझं!"

पण मी तोवर पाण्यात उताणा! वर आलो तेव्हा हातात मुळं होती. काठावरून सुधाचा हुंदका ऐकू आला.

"बघ गं काय आहे. मला दिसत नाही," मी कसंबसं म्हणालो.

तिनं वाकून पाहिलं. जलपर्णी! निव्वळ जलपर्णी! कुंडीभोवती गुंडाळलेली तेवढी सुटून आली होती. चिखलानं भरलेली कुंडी तसूभर हलली नव्हती आणि कळी जागच्या जागी ताठ होती. माझा जीव भांड्यात पडला. सुधा आधी रडली, मग हसत सुटली.

"हसू नका. चूळ सांडली," आई म्हणाली. "खडे ठेव काठाला, पहिल्यापासून सुरू कर."

दुसऱ्या दिवशी कमळ उमललं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, "एवढ्या गोंधळात वाचलं कसं हो?"

"ह्यांच्या अंगात जोर नाही म्हणून!" सुधा अभिमानानं म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बायकोनं चारचौघांत माझं कौतुक केलं, ते हे पहिलंच!