फोटोपुरतं बस

"बस गं. फोटोपुरतं बस."

आप्पांचा हात माझ्या खांद्यावर. खाली दाबणारा. समोर तीनचाकी सायकल, सीटचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

मी म्हणलं, "आप्पा, मला चालता येतं. चालतच आले."

"म्हाईत हाय. पण पेपरात चालताना दिसतीस व्हय?"

स्टेजवरची मंडळी हसली.

मी राहू गावची. डावा पाय जन्मापासून बारीक. कॅलिपर बांधून चालते आन् उभं राहून गोळा फेकते. त्याच महिन्यात दिव्यांगांच्या राज्य स्पर्धेत दुसरी आले होते. आप्पांच्या माणसानं फोन केला, "सत्कार हाय, दौंडला या." मेडल घालून गेले. बॅनरवर लिहिलेलं, 'दिव्यांगांना मदतीचा हात'. खाली आप्पांचा चेहरा, दारातल्या कणगीएवढा. सत्कार कुठंच न्हाई. माझं नाव लाभार्थ्यांच्या यादीत.

पूर्वी लंगडी म्हणायचे. आता दिव्यांग म्हणतात आन् खांदा दाबतात.

आन् मी बसले. सांगायची लाज वाटते, पण बसले. वडील आप्पांच्या संस्थेच्या शाळेत शिपाई. तिसऱ्या रांगेत हात जोडून बसलेले दिसले, म्हणून.

आप्पा माईकवर म्हणाले, "देवानं या लेकरांवर अन्याय केला. पण मी हाय."

टाळ्या. सव्वीस वर्षांची बाई मी. लेकरू. मला घातलेला हार नीट दिसावा म्हणून आप्पांनी माझं मेडल बोटानं बाजूला सारलं. मग सायकल ढकलायची पोज दिली.

फोटोवाला म्हणाला, "आप्पा, परत एकदा. तुमचे डोळे मिटले."

मी उतरले. म्हणलं, "आता तुम्ही बसा, आप्पा. मी ढकलते. माझ्या हातात ताकद हाय."

माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. काठी मिळायची वाट बघत बसलेले एक आंधळे मामा तेवढे मोठ्यानं हसले. आप्पा माईक शोधत राहिले, तो त्यांच्याच हातात होता. मी गळ्यातला हार काढून सायकलीवर ठेवला आन् एकेक पायरी उतरून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी वडिलांना बोलावलं. पोरीला माफी मागायला घेऊन ये, म्हणाले. वडील त्या दिवशी जेवले न्हाईत.

"दोन शब्दांनी काय झिजतंय तुझं?"

"तुम्ही आयुष्यभर तेच दोन शब्द देत आलाय. काय उरलं?"

आठवड्यात त्यांची बदली झाली. संस्थेच्या कवठे येमाईच्या शाळेत. पहाटेची एसटी धरतात, अंधार पडल्यावर येतात. माझ्याशी धड बोलत न्हाईत. ते मला लागतं. तरी माफी मागितली न्हाई आन् मागणार न्हाई.

रोज ग्राउंडवर जाते. उद्या पहिली आले, तर आप्पा शाल घेऊन घरी येतील. असली माणसं येतातच, त्यांना लाज नसते. त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं करणार हाय आन् सांगणार हाय, माझ्या शेजारी फोटोत उभं राहायची तुमची लायकी न्हाई.