भर धुक्यात निघालेला स्वच्छ फोटो

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांपैकी मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचते, पण हसायला. आज स्वतःच लिहायला बसलेय म्हटल्यावर निखिल, म्हणजे माझा नवरा, पलीकडून हसतोय... हसू दे.

२०१४ चा सप्टेंबर. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला, त्सुफेनहाउझेन भागात राहायचो. निखिल गिअरबॉक्सवर काम करायचा आणि मला फोटोग्राफीचं नवं वेड लागलं होतं. साताऱ्याहून सासरे आले होते. अप्पांना घेऊन आम्ही आल्प्समधल्या ऑबर्स्टडॉर्फला गेलो — केबल कारने वर, आणि तिथून कड्याच्या बाजूने तासाभराची पायवाट. मला सुळके आणि खालची दरी टिपायची होती.

अर्ध्या वाटेत धुकं आलं. हात लांब केला तर बोटं अंधुक. एका मोठ्या खडकापाशी वाट फुटली होती. पाटी नाही, फोनला रेंज नाही. एका बाजूला कडा असणार हे माहीत होतं, कुठल्या ते नव्हतं.

"डावीकडे," निखिल म्हणाला.

"नक्की?"

"म्हणजे... बहुतेक."

"बहुतेकवर मी पाऊल टाकणार नाही," म्हणत अप्पा खडकावर बसले आणि त्यांनी चिवड्याची पिशवी सोडली. गुडघा दुखत होता, पण बोलत नव्हते.

थंडी वाढायला लागली. भीती वाटत होती, म्हणून मी समोरच्या पांढऱ्या भिंतीचेच फोटो काढत बसले. स्क्रीनवर पांढरं, पांढरं, पांढरं... आणि मग एक लख्ख उन्हातला फोटो. निळं आकाश, सुळके, उजवीकडे उतरणारी वाट आणि तिच्या टोकाला ह्युट्टे, म्हणजे डोंगरातलं छोटं खाण्या-राहण्याचं घर. डावीकडची वाट थोड्याच अंतरावर संपत होती. पुढे नुसती दरी.

मी वर पाहिलं. धुकंच.

"जुना असेल," निखिल म्हणाला.

"कार्ड आजच नवीन घातलंय. आणि इथे आपण पहिल्यांदा येतोय."

अप्पांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "कॅमेऱ्याला दिसतंय ना? चला मग."

एकमेकांचे हात धरून उजवीकडे उतरलो. ह्युट्टे तिथेच होती. मालकीणबाईंनी गरम सूप दिलं, अप्पांना पांघरायला लाल ब्लँकेट दिलं. "सकाळपासून असंच धुकं आहे. आज तुम्ही पहिलेच," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने ऊन पडलं. आम्ही सूपचे वाडगे घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, अप्पा मध्ये. निखिलने सहज तो फोटो झूम केला आणि त्याचा चमचा हातातच राहिला. फोटोत ह्युट्टेसमोरच्या बाकावर तिघं बसली होती. मधल्याच्या अंगावर लाल ब्लँकेट.

अप्पा म्हणाले, "मृणाल, आता एक शनिवारचा काढ. माझं विमान वेळेवर आहे का बघू."

आम्ही इतके हसलो की मालकीणबाई बघायला बाहेर आल्या.

घरी येऊन निखिलने ती फाइल उलटीपालटी करून पाहिली. त्याच्या एका कॅमेरावेड्या जर्मन सहकाऱ्यालाही दाखवली. तो "हं... सुंदर फोटो आहे" एवढंच म्हणाला.

तो फोटो आता साताऱ्याच्या हॉलमध्ये आहे. येईल त्याला अप्पा अभिमानाने सांगतात, सुनेने काढलाय. कसा काढला, असं कुणी विचारलं की ते माझ्याकडे बघतात... आणि मी उठून चहा टाकायला जाते.