उंदरांची पंगत

एम.एस.च्या परीक्षेला बसायचं तर प्रबंध हवा, आणि माझ्या प्रबंधाचा सगळा भार वीस उंदरांच्या पाठीवर होता. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं, सांगलीतलं कॉलेज. उंदराच्या पाठीवरची कातडीची पट्टी तीन बाजूंनी उचलायची आणि परत जागेवर शिवायची. तिला फ्लॅप म्हणतात. अपघातात सोलवटलेल्या माणसांच्या जखमा आम्ही अशाच पट्ट्यांनी झाकतो. पण पट्टीच्या टोकाला रक्त पुरत नाही आणि ते काळं पडून मरतं. ग्रोथ फॅक्टर नावाचं औषध टोचलं तर नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि टोक जगतं, असं परदेशी मासिकं म्हणत होती. हे उंदरांवर तपासून दाखवलं नाही तर माझी परीक्षा बुडाली.

औषध पुण्याहून एसटीनं मीच आणलं, थर्मासात. साताऱ्याच्या स्टँडवर उतरून औषधासाठी नवा बर्फ मागितला, तर रसवाला म्हणाला, "औषध कुणासाटनं?"

"उंदरांसाठी."

"मारायचं व्हय?"

"नाही, जगवायचं."

त्यानं बर्फ दिला आणि पुढं माझ्याशी बोलणंच टाकलं.

उंदीरघर एक शिपाईमामा सांभाळायचे. कोरेगावकडचे, निवृत्तीला टेकलेले. मी दिवसभर वॉर्डात, म्हणून रोजची इंजेक्शनं तेच देणार होते. लाल पट्टीच्या बाटलीत औषध, निळ्या पट्टीच्या बाटलीत तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. उजवीकडच्या दहांना लाल, डावीकडच्या दहांना निळं. मी तीनदा समजावलं. मामांनी तिन्ही वेळा मान डोलावली.

आठव्या दिवशी आलेखाचा कागद घेऊन मी पाठी मोजल्या. वीसच्या वीस उंदरांच्या पट्टीचं टोक सारखंच काळं! इतकी शिस्त आमच्या वर्गातही नव्हती. माझे मार्गदर्शक सर कागद बघून म्हणाले, "म्हणजे औषध बिनकामाचं." मी तडक उंदीरघर गाठलं.

"मामा, लाल बाटली कुणाला टोचली?"

"समद्यास्नी."

"आणि निळी?"

"ती बी समद्यास्नी. आवं डाक्टर, एका पंगतीला बसल्यात सगळी. दहांना औषध आन् दहांना पानी, आसं कुटं आस्तंय व्हय? दोनी बाटल्या एका वाटीत वतल्या आन् निम्मं निम्मं केलं. वाटी उकळून घेतली हुती, काळजी नगं."

निम्म्या मात्रेनं कुणाचंच टोक जगलं नव्हतं. मी ओरडलो. काय काय बोललो ते आज लिहायचीही लाज वाटते. मामा उंदरांना हरभरे घालत राहिले, प्रत्येकाला मोजून तेवढेच.

मग म्हणाले, "माज्या आज्याला गावच्या लग्नात लांब बसवायचे, गोट्याच्या कडंला. जिलबी तितवर यायचीच न्हाई. आमी बौद्ध झालो तवा बानं बजावलं, आपल्या हातानं कुणाच्या पानात कमी वाढायचं न्हाई. आता ह्या वयात उंदरापायी मोडू व्हय?"

मी सरांना खरं ते सांगितलं. सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली, आणि अर्जात कारण लिहिलं: 'उंदरांमध्ये भेदभाव न झाल्यामुळे.' कार्यालयानं तेवढी ओळ शाईनं खोडली आणि अर्ज मंजूर केला.

दुसऱ्या खेपेला, नव्या वीस उंदरांच्या वेळी, मामांनी आठ दिवसांची रजा टाकली. मग मीच वाढलं, उजवीकडं औषध, डावीकडं पाणी. औषध चाललं. उजवीकडच्या पाठी गुलाबी राहिल्या, डावीकडच्या दहांची टोकं मेली. मी आनंदानं अक्षरशः उड्या मारल्या. परीक्षा वाचली होती.

रजा संपवून मामा आले. डावीकडच्या पिंजऱ्यांपुढं वाकून एकेक पाठ बघत गेले.

"ह्यांचं काय चुकलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, मामा," मी म्हणालो. माझी मान वर होईना.