श्रीकांतचं बेटरमेंट

आमच्या श्रीकांतला दही निवडायला वीस मिनिटं लागतात. दुकानात दोन हातांत दोन डबे धरून तो मागची बारीक अक्षरं वाचत उभा राहतो, आणि मी ट्रॉलीला टेकून मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असते. शेवटी घरी येतो तो दर वेळी तोच, निळ्या झाकणाचा डबा. हा माणूस आइंडहोवनला मशीनमधल्या केसाहून बारीक चुका शोधतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. घरी त्याचा हा गुण मी चोवीस वर्षं भोगते आहे.

आमची भार्गवी अठरा वर्षांची. तीन वर्षांची असल्यापासून इथे, बेस्ट नावाच्या या डच गावातच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ते ज्या भाषेत आधी सुचेल त्या भाषेत. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि हे खूळ आमचं नाही बरं का, तिचं स्वतःचं आहे. इथे मेडिकलला जागा मोजक्या. निवड परीक्षा देऊन नंबर लागतो आणि पंधरा एप्रिलला कळतं. यंदा कळलं ते असं, की नायमेखन आणि मास्ट्रिख्त, दोन्ही शहरांत पोरीला जागा मिळाली. मी पेढे केले, शेजारच्या डच आजींना नेऊन दिले, त्यांनी ते साबणाच्या वड्या समजून आधी हुंगले. दोन आठवड्यांत दोनातली एक जागा स्वीकारायची होती. तेव्हापासून आमच्या घरात एक माणूस धड बसला असेल तर शपथ.

श्रीकांतने एक्सेल काढलं. चौतीस ओळी! हॉस्पिटल केवढं, गटात मुलं किती, पेशंट कधी भेटतात, गाडी कुठे बदलायची. प्रत्येक ओळीला दहापैकी मार्क. बेरीज आली नायमेखन २७१, मास्ट्रिख्त २६४.

"सारखंच आहे गं सगळं," तो डोकं खाजवत म्हणायचा. "उडदामाजी काळेगोरे! निवडायचं तरी काय?"

मग पुन्हा एखाद्या ओळीत आठाचे साडेआठ करायचा, पुन्हा आठ. जेवताना लॅपटॉप, दात घासताना लॅपटॉप. मी काही वेगळी नव्हते म्हणा. मसाल्याचे डबे तीनदा पुसले. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे एका आजोबांना दुसऱ्याचीच पिशवी दिली आणि भर रस्त्यात त्यांच्या मागे धावले. भार्गवीला विचारावं तर खांदे उडवायची. "आय डोन्ट नो, आई. दोन्ही छान आहेत ना?" आणि सायकलवर टांग मारून पसार.

पण मला माहीत होतं. दोन्हीकडचं कॉलेज बघायला मीच गेले होते तिच्याबरोबर. नायमेखनहून येताना ती फोन बघत बसली होती. मास्ट्रिख्तहून येताना मात्र आख्खा रस्ता बडबडत होती. तिथे म्हणे मुलं दहा-दहाच्या गटात बसून एकेक आजार स्वतःच सोडवतात. मी हूं हूं करत ऐकलं आणि घरी आल्यावर श्रीकांतला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

सत्तावीस एप्रिल, राजाचा वाढदिवस. इथली सगळ्यात मोठी सुट्टी. भार्गवी गळ्यात नारिंगी पिसांची माळ घालून मैत्रिणींबरोबर निघाली होती. जाण्याआधी तिने आम्हाला श्रीकांतच्या लॅपटॉपवर प्रवेशाचं पान उघडून दाखवलं. दोन नावं, दोन बटणं.

"बाबा, आज काही करू नकोस. मी उद्या सांगते. पक्कं." आणि गेली.

श्रीकांत पाच मिनिटं पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मंजू, एक तरी पकडून ठेवूया. नायमेखन घेऊन ठेवतो. हातात सीट असलेली बरी. मग बेटरमेंटला मास्ट्रिख्त आहेच."

बेटरमेंट म्हणजे आमच्या वेळची महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची पद्धत. पहिल्या फेरीत मिळेल ती सीट धरायची, आणि पुढच्या फेरीत हवी ती मिळाली की बदलायची. श्रीकांतला सांगलीचं कॉलेज हवं होतं. त्याच्या वडिलांनी, श्यामकांतरावांनी, प्रवेशाच्या टेबलासमोर उभ्या उभ्या कऱ्हाड घेतलं, कारण साताऱ्याहून थेट एसटी होती. सांगलीचं बेटरमेंटला बघू म्हणाले. आणि बेटरमेंटच्या दिवशी पहाटे त्यांनी त्याला उठवलंच नाही. हा किस्सा श्रीकांत दर गणपतीत इथल्या मराठी मंडळींना हसत हसत सांगतो.

"करू?" त्याने विचारलं.

"कर," मी म्हणाले.

त्याने बटण दाबलं. डचमधली लांबलचक सूचना आली. दह्याच्या डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या माणसाने ती न वाचता 'हो' म्हटलं, आणि मास्ट्रिख्तची ओळ करडी झाली. मी वाचलं तेव्हा उशीर झाला होता. एक जागा स्वीकारली की दुसरी रद्द. पुढची फेरी नाही, बेटरमेंट नाही, काही नाही.

"अगं, पण असं कसं?" श्रीकांत म्हणाला. "असं कसं असेल?"

फोन लावला, तर सुट्टी. बाहेर फुटपाथवर मुलं चादरी पसरून जुनी खेळणी विकत होती. श्रीकांत मागच्या दारातून पुढे आणि पुढच्या दारातून मागे फेऱ्या मारत होता. "तिला आजच नको सांगायला. सणाचा दिवस आहे."

"गप बस!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं एक पोर वळून बघायला लागलं.

ओरडले, कारण चोराच्या मनात चांदणं. खरं सांगते, ती ओळ करडी झाली तेव्हा मला बरं वाटलं. नायमेखन तासाभरावर. पोरगी घरून ये-जा करेल, रोज संध्याकाळी दारात तिची सायकल दिसेल. मला लाज वाटली, तरी बरं वाटतच राहिलं.

ती पाच वाजता आली. श्रीकांतने दारातच सगळं सांगून टाकलं. ती माळेतलं एकेक पीस उपटत ऐकत होती.

"आई, तू होतीस तिथे?"

"होते. मीच 'कर' म्हणाले."

"मी मास्ट्रिख्त घेणार होते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

श्रीकांत जिन्याच्या पायरीवर बसला. "माझ्या बाबांनी मला उठवलं नव्हतं," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "आणि मी तुझ्याबाबतीत तेच केलं गं."

दुसऱ्या दिवशी भार्गवीनेच फोन केला. पलीकडची बाई गोड बोलली, पण उत्तर एकच. जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. भार्गवीने फोन ठेवला, तोंड धुऊन आली आणि बापाचा लॅपटॉप पुढ्यात ओढला. एक्सेल उघडलं. सतरावी ओळ होती 'घरून ये-जा'. नायमेखन नऊ, मास्ट्रिख्त दोन. तिने ती ओळ खोडून टाकली. खालची बेरीज बदलली. २६२ आणि २६२.

"बघ, बाबा. खरंच सारखी आहेत," ती म्हणाली. "मी नायमेखनला जाईन. पण राहायलाही तिथेच. आजच खोलीसाठी नाव घालते."

"अगं, तासाभरावर तर आहे," मी म्हणाले. "घरून रोज..."

"आई, ती ओळ आता नाहीये."

मी श्रीकांतकडे बघितलं. वाटलं, आता हा डोकं खाजवेल, ओळ परत आणेल, नऊचे साडेआठ करून बघेल. त्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि माझ्याकडे न बघता फाईल तशीच सेव्ह केली.