वरची कोथिंबीर

आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीला पाऊस दोनच वेळा दिसतो. पार्किंगमध्ये पाणी शिरलं की, आणि भाजी महागली की. पहिल्या वेळी नगरसेवकाला शिव्या, दुसऱ्या वेळी भाजीवाल्या मावशींना.

मावशी जवळच्या सांडोर गावच्या. रविवारी सकाळी टोपली घेऊन आमच्या गेटजवळ बसायच्या. वांगी, भेंडी, पडवळ, केळफूल, सगळं घरच्या वाडीतलं. 'ताजी गावठी भाजी' असा पुठ्ठा समोर लावलेला असायचा, तो मीच लिहून दिला होता. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि माझं अक्षर चांगलं आहे.

थंडीत कोथिंबीर उदंड असायची, तेव्हा मावशी न मागता मूठभर पिशवीत टाकायच्या. आमच्या लोकांना तो हक्कच वाटू लागला. पाव किलो भेंडी घ्यायची आणि "वर कोथिंबीर टाका हो" म्हणून पिशवी पुढे करायची. दारात दोन-दोन गाड्या असलेलेसुद्धा.

गेल्या श्रावणात आठ दिवस पाऊस हटला नाही. त्या रविवारी मावशींनी बोटभर जुडीचे चाळीस रुपये सांगितले.

"वाफ्यात पानी तुंबलं, सगळी कुजली. ही मीच बाजारातून इकत आणलीय. फुकट कुठून देऊ?"

झालं. सोसायटीच्या ग्रुपवर 'लूट, लूट' सुरू झालं. सर्वांत पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. याच बाई मॉलमधून डब्यातली पिवळी पडलेली कोथिंबीर दुप्पट भावाने आणतात. तिथे "वर टाका" म्हणायची यांची टाप नाही. कमिटी बसली आणि ठराव झाला: कोथिंबीर पूर्वीसारखी मोफत द्यावी, नाहीतर गेटजवळ बसू नये. नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पाऊस आणि पिकं हा धडा मी दरवर्षी शिकवतो. पण शेजाऱ्यांशी वाकडं कशाला घ्या, म्हणून गप्प राहिलो. घरी येऊन चहा घेतला आणि काळ्या स्केचपेनने नोटीस लिहिली. 'मोफत'खाली रेघसुद्धा मारली. त्या मीटिंगमध्ये माझ्याइतका भिकार माणूस दुसरा नव्हता. बाकीच्यांना निदान कळत तरी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी भेंडी निवडत असताना मावशींनी गेटवरची नोटीस वाचली. मग आपला पुठ्ठा पाहिला. मग पुन्हा नोटीस.

"सर, अक्षर तुमचंच ना?"

मी मान हलवली.

"छान हाय."

टोपलीत विकायला आणलेल्या तीन जुड्या होत्या. त्यांतली एक उचलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकली.

"ही वरची."

पैसे काढेपर्यंत त्या टोपली डोक्यावर घेऊन निघाल्याही होत्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. पुठ्ठा तिथेच पडला होता, तो मलाच उचलून घरी न्यावा लागला.