वायर नसलेल्या फोनवरची हजेरी

आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. भूतप्रेत, अंगारा-धुपारा, नजर लागणं, यातलं काहीच आमच्याकडे चालत नाही. लहानपणी शेजारच्या काकू म्हणाल्या, तिन्हीसांजेला त्या पिंपळाखालून जाऊ नका, तर आई मला मुद्दाम त्याच वाटेनं दळण आणायला न्यायची. त्यामुळे अगम्य अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. लिहू की नको यातच दोन महिने गेले... नीट सांगता येईल की नाही, तेही माहीत नाही. पण जे झालं तेव्हा त्या खोलीत मी एकटी होते, म्हणजे सांगायचं तर मलाच सांगावं लागणार.

मी नागपूरची. बाबा ऑटो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आता मिनियापोलिसला मास्टर्स करतेय. चुलतभाऊ नितीनदादा जवळच ईडन प्रेरीला असतो, आयटीत. सुट्टीला मी त्याच्याकडे जाते.

पहिल्याच सेमिस्टरला मी इथल्या एका कम्युनिटी रेडिओवर व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दिवसभर खालून ड्रायरची घरघर. माझं काम बोर्ड चालवायचं. समोर सरकत्या बटणांची एक पाटी असते, त्या बटणांना फेडर म्हणतात. माइकचा फेडर वर नेला की माणसाचा आवाज हवेत जातो, खाली आणला की बंद. बोलायचं काहीच नाही, नुसतं सरकवायचं. मला वाटलं, हे जमेल आपल्याला.

मला शनिवारी सकाळी अकराचा तास मिळाला. पॅलेस्टाइनच्या बातम्या, राजकारण, गाणी, पुस्तकं, कधी स्वयंपाक. कार्यक्रम चालवायच्या नजवा. सत्तरीच्या, शाळेत नर्स होत्या, आता रिटायर्ड. पहिल्या दिवशी मी मॅम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅम मला मुख्याध्यापक म्हणायचे, रागावले की. तू खालती म्हण." खालती म्हणजे अरबीत मावशी.

शेवटची बारा मिनिटं हजेरीची असायची. खालतींकडे एक जाड वही होती. त्यात गावांची नावं. लिफ्ता, लुब्या, इज्जिम, सफूरिया... अठ्ठेचाळीस साली जी रिकामी केली गेली आणि ज्यांची माणसं जगभर पांगली, ती गावं. अकरा अठ्ठेचाळीस झाले की मी फोनचा फेडर वर करायचे आणि खालती एकेक गाव वाचायच्या. मग त्या गावची माणसं, नाहीतर त्यांची मुलं-नातवंडं फोन लावून नाव सांगायची आणि म्हणायची, "हादिर." शाळेत आपण हजर म्हणतो तसंच. खालती पेन्सिलीनं टिक करायच्या.

कधी एखाद्या गावाला कोणीच उत्तर द्यायचं नाही. रेडिओवर शांतता म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. दहा सेकंद हवेत काही गेलं नाही तरी मी गाणं लावायला जायचे. खालती तळहात वर करून मला थांबवायच्या. "म्हातारी माणसं आहेत," त्या माइक बंद करून सांगायच्या. "खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. आपण थांबायचं."

ती हजेरी मला एवढी का भिडली याला कारण आहे. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातल्या चिचोलीचे. शाळेत त्यांना व्हरांड्यात बसवायचे. मास्तर आतल्या मुलांची हजेरी घ्यायचे. आजोबांचं नाव पटावर होतं, पण मास्तर ते वाचायचे नाहीत, सरळ पट मिटायचे. पट मिटला की आजोबा बाहेरून मोठ्यानं म्हणायचे, "हजर." रोज. त्याबद्दल छडी खायचे आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायचे.

हे मी एकदा खालतींना सांगितलं. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि स्पेलिंग दोनदा विचारून तिथे लिहिलं... चिचोली.

"एखाद्या शनिवारी वाचीन," म्हणाल्या.

"नको, खालती."

"का?"

"मी स्टुडंट व्हिसावर आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी वाचणार. उत्तर द्यायचं की नाही, ते तुझं तू बघ."

दादाला तर मी तिथे जाते हेच पसंत नव्हतं. रविवारी जेवताना एकदा विषय निघालाच.

"तू तिथं नेमकं काय करून राहिली?"

"बटणं सरकवते."

"नाव कुठं येऊन नाही राहिलं ना तुझं?"

"नाही रे दादा. रेकॉर्डशीटवर सही करते, ती पण नुसत्या अक्षरांची. पी. एम."

"वा. पंतप्रधान," वहिनी म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो. पण दादा लगेच गंभीर झाला. "प्रणू, हे बघ. काका अजून ऑटो चालवून राहिले तुझ्यासाठी. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, मी काही म्हणत नाही. पण बातम्या पाहतेस ना? असं बोलणाऱ्या पोरांचे व्हिसे रद्द होऊन राहिले. तू मध्ये येऊ नको."

मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला त्याचं पटलंही होतं.

जानेवारीच्या शेवटी स्टेशनवर तक्रारींची पत्रं यायला लागली. मग कमिटीची मीटिंग झाली आणि मॅनेजर ग्रेगनं आम्हाला बोलावलं. ग्रेग वाईट माणूस नाही. बोलताना तो सारखा पेन उघडत-मिटत होता.

"लाइव्ह फोन बंद," तो म्हणाला. "कार्यक्रम आधी रेकॉर्ड करायचा, मी ऐकणार, मग लागणार. थोडे दिवसच, नजवा."

"माझ्या आईलाही अठ्ठेचाळीस साली थोडे दिवसच सांगितलं होतं," खालती शांतपणे म्हणाल्या. "तिनं दाराची किल्ली बरोबर घेतली आणि भाकरी तव्यावर तशीच सोडली."

ग्रेगचं पेन थांबलं. पण निर्णय काही बदलला नाही.

त्याच आठवड्यात खालतींच्या गळ्याचं, थायरॉईडचं ऑपरेशन होतं. त्या आधीच एक तास रेकॉर्ड करून गेल्या. हजेरीसकट. ग्रेगनं ती बारा मिनिटं कापली आणि तिथे उद हे अरबी तंतुवाद्य घातलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं माझ्या समोर फोनच्या बॉक्सच्या वायरी काढल्या; बाहेरचे कॉल बोर्डावर आणणारा हा बॉक्स, त्यावर चार लाइनचे चार दिवे. टेलिफोनची पण आणि करंटची पण. दोन्ही गुंडाळून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि कुलूप लावलं. बॉक्स जड, तो तिथेच राहिला. हे मी एवढं तपशिलात सांगतेय, कारण नंतर मला सगळ्यांनी हेच विचारलं.

शनिवारी बाहेर बर्फ आणि लख्ख ऊन. स्टेशनवर मी एकटी. अकराला मी फाइल लावली. बातम्या झाल्या, एक मुलाखत झाली. आणि अकरा अठ्ठेचाळीसला, उद सुरू झालं तेव्हा, माझा हात फोनच्या फेडरवर गेला आणि मी तो वर केला.

चुकून. दीड वर्षाची सवय. घड्याळात अठ्ठेचाळीस दिसले की बोट आपोआप तिथे जातं. ज्याला काहीच जोडलेलं नाही असा फेडर वर केला म्हणून मला स्वतःचंच हसू आलं. खाली आणणार एवढ्यात बॉक्सवरचा पहिल्या लाइनचा दिवा लागला.

मी बॉक्स उचलून मागे बघितलं. दोन्ही भोकं रिकामी.

हेडफोनमध्ये उद हळू झालं आणि खालतींचा आवाज आला. "लिफ्ता." मग थांबणं, त्यांच्या पद्धतीचं. मग एका बाईचा आवाज, मागे कुठेतरी नळ वाहत होता. तिनं नाव सांगितलं. "हादिर." दुसरा दिवा लागला. "इज्जिम." एक म्हातारा खोकला, मग म्हणाला. "सफूरिया." एक लहान मुलगी, तिला मागून कोणीतरी शब्द सांगत होतं.

मी घाबरले. मला वाटलं, ग्रेगनं ऐकलं तर म्हणेल, ही करामत माझीच. मुख्य फेडर खाली ओढला की सगळं बंद. माझं बोट त्यावर होतं... मी तो ओढला नाही. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. ही माणसं खुर्चीतून उठून फोनपर्यंत आली होती. त्यांच्या तोंडावर पट मिटायचा नव्हता मला.

गावांमागून गावं झाली. चारही दिवे लागत होते, विझत होते. बाराला एक मिनिट कमी असताना आवाज म्हणाला, "चिचोली."

आणि थांबला.

उद वाजत होतं, अगदी दुरून. दहा सेकंद गेले असतील. मला दादा आठवला, बाबांचा ऑटो आठवला, विमानतळावर पासपोर्ट उलटसुलट बघणारा तो माणूस आठवला. आवाज परत म्हणाला, "चिचोली." तितक्याच धीरानं. आपण थांबायचं.

मी माझ्या माइकचा फेडर वर केला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"प्रणाली मेश्राम," मी म्हणाले. "चिचोली. हजर."

चारही दिवे विझले. बारा वाजले.

संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. खालतींच्या गळ्याला बँडेज होतं, डॉक्टरांनी आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही सांगितलं होतं. उशाशी छोटा रेडिओ, आमच्याच स्टेशनवर लावलेला. मी काही विचारायच्या आत त्यांनी वही पुढे केली. लिफ्ता, टिक. इज्जिम, टिक. सफूरिया, टिक. पानामागून पानं. शेवटच्या पानावर चिचोलीपुढे टिक होती, इतकी दाबून केलेली की कागद फाटला होता.

मग बोलता येत नाही म्हणून दिलेल्या छोट्या पाटीवर त्यांनी लिहिलं, "वाचत कोण होतं?"

"तुम्हीच, खालती."

त्यांनी गळ्यावरच्या बँडेजकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली.

सोमवारी ग्रेगनं बोलावलं. स्टेशनवर एक मशीन असतं, हवेत जे जातं ते चोवीस तास रेकॉर्ड करणारं. त्यानं शनिवारचा भाग लावला. अकरा अठ्ठेचाळीसपासून पुढे फक्त उद. एकही गाव नाही, एकही माणूस नाही. बारा वाजायच्या आत मात्र माझा आवाज, स्वच्छ... नाव, गाव, हजर.

"तू कोणाला उत्तर दिलंस?" ग्रेगनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यानं ड्रॉवर उघडला, वायरी तशाच गुंडाळलेल्या होत्या. मग त्यानं मला तीन ईमेल दाखवले. तीन वेगवेगळ्या घरांतून आले होते, हजेरी परत सुरू केल्याबद्दल आभार मानणारे. एकानं लिहिलं होतं, माझे वडील वर्षभरानं पलंगावरून उठून फोनपर्यंत गेले. हजेरी मात्र आमच्यापैकी कोणीच सुरू केली नव्हती.

ग्रेग पेन उघडत-मिटत राहिला. शेवटी हळू म्हणाला, "हे बघ, तुझं नाव यात राहायला नको. मी एवढा तुकडा पुसतो. मशीन अडकलं म्हणून लिहून टाकू."

त्यानं हे माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं, हे मला कळत होतं. "नको," मी म्हणाले. "राहू दे." आणि शनिवारच्या शीटवर जिथे पी. एम. होतं, तिथे खोडून पूर्ण नाव लिहिलं.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबांवर गेली तू." पुढच्या शनिवारी बर्फ पडत होता, तर तो न विचारता गाडी घेऊन दाराशी उभा. "बसनं कशाला जाते," एवढंच बोलला.

शोधायचं तेवढं मी शोधलं. इंजिनियरिंगच्या मित्राला बॉक्स दाखवला. त्यानं तो उघडून आतली धूळ फुंकली आणि म्हणाला, करंटशिवाय दिवा लागणं शक्य नाही. मलाही तेच वाटतं. कोणी म्हणेल, मनाचे खेळ. असतील. पण मग वहीतल्या टिकच्या खुणा कोणाच्या मनाच्या? ते तीन ईमेल?

मला आजही उत्तर माहीत नाही. लाइव्ह फोनवरची बंदी अजून आहे. खालती परत आल्यात, आवाज घोगरा झालाय, कार्यक्रम रेकॉर्ड होऊन लागतो. त्या मुद्दाम शेजारी येऊन बसतात. अकरा अठ्ठेचाळीस झाले की मी फोनचा फेडर वर करते, आता चुकून नाही. दिवा परत कधी लागला नाही. आम्ही थांबतो.