पिवळ्या झाकणाच्या नऊ नळ्या

वंदनाताईचे यजमान, आमचे भाऊजी, सकाळीच बाभुळगावच्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. चपला काढेनात, आत येईनात... तेव्हाच कळलं, वंदनाताई गेली. आता दीड महिना होतोय. ताई आठवली की रडू यायच्या आधी भीती वाटते, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात पोटात बसलेली.

माझी ही मोठी बहीण यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. कपाशीचं पान पिवळं पडून गळण्याआधी आपल्यातला आरएनए तोडतं आणि त्यातलं कामाचं बोंडांकडे पाठवतं, हे ती तीन वर्षं तपासत होती. मी प्राथमिक शाळेतली बाई, मला कुठलं कळायला! ती समजावायची, आरएनए म्हणजे पेशीतला निरोप. काम झालं की पेशीच तो कापते. राळेगावच्या शेतातून आणलेली पानं नळ्यांत भरून तिने उणे ऐंशी अंशांवर गोठवली होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं, तरी जीव त्या नळ्यांतच.

मे महिन्यात कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि नळ्यांचा फ्रीझर बंद पडला. ताई दवाखान्यात, हाताला सुया टोचलेल्या. तिने मला जवळ बोलावलं.

"पान वितळलं का पेशी फुटते, अन् तिच्यातली कोंडलेली कात्री मोकळी सुटते. मंग आरएनएचा भुगा. माह्या नळ्या वाचव, सुषमा."

गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन असतो, हेही तिनेच सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा भरलेला डबा दिला. भर दुपारी, पंखा बंद असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकटीच नळ्या हलवू लागले. डब्यातून पांढरा धूर निघत होता. एक खोकं निसटलं. पिवळ्या झाकणाच्या नऊ नळ्या टेबलाखाली घरंगळल्या. शोधून काढेपर्यंत त्यांच्यातला पानांचा चुरा वितळून ओला झाला होता. कोणी पाहिलं नव्हतं. मी त्या पिवळ्या झाकणाच्या बाकीच्या नळ्यांत मिसळून टाकल्या.

"साऱ्या नीट?" ताईने विचारलं. मी मान डोलावली.

पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. त्या नऊ नळ्यांमुळे सगळा हिशेब खोटा ठरेल, हे मलाही कळत होतं. सांगितलं तर तिचा जीव खचेल, नाही सांगितलं तर... शेवटी एक दिवस तिच्या पायाशी बसून सांगितलं. मला वाटलं, संपलं आता.

"भेली होतीस काय वं?" ती एवढंच म्हणाली. मग संशोधनात तिला मदत करणाऱ्या विद्यार्थिनीला बोलावून पिवळ्या झाकणाच्या सगळ्याच नळ्या वेगळ्या तपासायला सांगितल्या. माझा हात तिने हातात धरून ठेवला होता. त्यानंतर ती बारा दिवस जगली.

परवा त्या विद्यार्थिनीने निकाल कळवला. नऊ नळ्यांतल्या आरएनएचा भुगा झालाय, बाकीच्या शाबूत आहेत. मी आनंदात ताईचा नंबर लावला. रिंग जाऊ लागल्यावर भानावर आले... तेवढ्यात भाऊजींनी उचलला. तो फोन ते रोज चार्ज करून तिच्या उशाशी ठेवतात. मी फोन ठेवला नाही.

"ताई," मी म्हटलं, "बाकीच्या वाचल्या."